रुमालाखालचा आकडा

मित्रांनो, आधी माझ्या डोक्यावर ठेवलेली ती ओली छत्री काढा पाहू. मी कपाट नाही. मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. तुमच्या खिशात मावतो तसला नव्हे. मी माणसाएवढा उंच आहे. माझे अंग लाकडाचे, छातीवर काचेचा पडदा आणि पोटात तारांचे जंजाळ. मला खेळायचे तर माझ्यासमोर येऊन बसावे लागते, डाव्या हाताने दांडी धरावी लागते आणि उजव्या हाताने उडीचे लाल बटण दाबावे लागते. मी कुणाच्या मागेमागे पांघरुणात शिरत नाही.

माझ्या पडद्यावर एक बकरी राहते. तिला डोंगर चढायचा असतो. डोंगराचे नऊ टप्पे आहेत. वरून दगड गडगडत येतात, पायाखालच्या कपारी ढासळतात आणि अर्धा डोंगर चढून झाला की मागे कोल्हा लागतो. शिखरावर हिरव्यागार गवताचा एक झुबका आहे. बकरी तिथे पोहोचली की मी आनंदाने पिपाणी वाजवतो आणि पडद्यावर अक्षरे येतात, ‘शाब्बास! आता गवत खा!’

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. सुताराने माझे अंग घडवले, वायरमनने तारा जोडल्या आणि एका चष्मेवाल्या, किडकिडीत इंजिनियरने माझ्या पोटात बकरी सोडली. तिथवर सारे सुरळीत झाले. मग प्रश्न आला, की हा डोंगर किती अवघड ठेवायचा?

इंजिनियरने आपल्या वडिलांना बोलावून खेळायला बसवले. पहिला दगड आला आणि बकरी गेली. दुसरी बकरीही त्याच दगडाखाली गेली. तिसऱ्या वेळी वडिलांनी उडी मारली, पण ती स्वतः, खुर्चीवरून. बकरी जागच्या जागीच राहिली. “हा खेळ आहे की शिक्षा?” असे म्हणून ते चपला घालून निघून गेले. इंजिनियरने दगडांचा वेग कमी केला आणि शाळेतून येणाऱ्या आपल्या भाचीला बसवले. तिने एका हाताने बिस्किट खात खात डोंगर सर केला आणि जांभई देऊन विचारले, “मामा, एवढंच?” इंजिनियरने वेग पुन्हा वाढवला आणि पुन्हा वडिलांना बोलावणे धाडले. असे किती दिवस चालले देव जाणे. सुतार हातात हातोडी घेऊन ताटकळत होता. शेवटी त्याचा संयम सुटला. “साहेब, एक काय ते ठरवा. मला याची पाठ ठोकायचीय,” तो म्हणाला.

तेव्हा इंजिनियरने माझ्या पाठीत एक फिरती चकती बसवली. तिच्यावर एक ते आठ आकडे होते. एकवर दगड पेंगत पेंगत खाली येतात. आठवर बकरीने डोळे उघडायच्या आत तिचा निकाल लागलेला असतो. चकतीवर एक छोटे दार लावून त्याने हात झटकले. “ज्याच्या दुकानात जाईल, तो बघून घेईल,” तो म्हणाला. माझ्या जन्मापासूनची ही भानगड अशी दुसऱ्याच्या गळ्यात पडली.

माझी उमेदीची वर्षे एका गेम पार्लरमध्ये गेली. तिथल्या मालकाने चकती सहावर ठेवली ती कायमची. काय गर्दी असायची! लोक रांग लावून उभे राहायचे. माझी दांडी हातांच्या उबेने दिवसभर गरम असायची. कुणी माझ्यावर खूश होऊन माझी पाठ थोपटायचे, कुणी चिडून बुक्की मारायचे. दोन्ही मला सारखेच आवडायचे. दातांच्या डॉक्टरकीचे शिक्षण घेणारी एक मुलगी रोज दुपारी जाडजूड पुस्तके घेऊन यायची, दोन-तीन बकऱ्या गमवायची आणि “उद्या बघते तुला,” असा दम भरून जायची. दुसऱ्या दिवशी खरेच यायची आणि पुन्हा हरायची.

मग काळ पालटला. लोकांच्या खिशात गेम आले. आधी रांग गेली, मग माझी जागा गेली. मला मागच्या खोलीत ढकलले. माझ्या एका बाजूला पोछा आणि दुसऱ्या बाजूला बादली. मित्रांनो, त्या बादलीशी मी काय बोलणार? पडद्यावर इतकी धूळ बसली की कुणीतरी बोटाने तिच्यावर बेरजा करून ठेवल्या होत्या. त्याही चुकलेल्या.

पार्लर बंद होणार असे समजल्यावर ती मुलगी टेम्पो घेऊन आली. आता ती मुलगी कसली! तिचा स्वतःचा दवाखाना होता, तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत होते. तिने बाहीने माझा पडदा पुसला. “चल,” ती म्हणाली, “माझ्याकडे माणसं बसलेली असतात. त्यांना सोबत कर.”

अशी माझी नेमणूक दाताच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत झाली. तुम्ही कधी तिथे बसला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. आतून ते बारीक यंत्र किर्रर्र करू लागले की बाहेर बसलेल्या माणसाच्या तोंडचे पाणी पळते. ज्याचा एकच दात दुखत होता त्याची सगळी बत्तीशी दुखायला लागते. डॉक्टरीणबाईंचा विचार असा, की माणसाचे मन बकरीत गुंतले की कान आपोआप बंद होतील. त्यांनी माझ्या पाठीचे दार उघडले आणि चकती एकवर आणली. काउंटरवरच्या ताईंनी विचारले, “एवढं सोपं?”

“दुखायला आत आहेच की,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बाहेर कशाला?”

पहिले काही दिवस माझे खूप कौतुक झाले. पण लवकरच घोळ लक्षात आला. एकवर माझी बकरी इतकी सुरक्षित असते की तिला खेळणारा लागतच नाही. एक गृहस्थ फोनवर बोलत माझ्या दांडीवर कोपर टेकून बसले. त्यांचे बोलणे संपायच्या आत बकरी शिखरावर! मी पिपाणी वाजवली तेव्हा ते दचकून “कोण मेलं?” म्हणाले. लोक एकदा गवत खायचे, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघायचेही नाहीत आणि पुन्हा किर्रर्र ऐकत बसायचे. एक बाई जाताना ताईंना म्हणाल्या, “बकरी गोड आहे हो. पण तिला माझी काही गरजच नाही.”

मित्रांनो, ते वाक्य मला लागले.

याच सुमारास डॉक्टरीणबाईंचे सासरे त्यांच्याकडे राहायला आले. घर दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर होते. सासूबाई नुकत्याच वारल्या होत्या आणि यजमान नोकरीपायी बाहेरगावी. सासऱ्यांना डॉक्टरीणबाई अप्पा म्हणत. गाव मात्र पाठीमागे त्यांना भोपळेमास्तर म्हणत असे. नव्या माणसाला ते आडनाव वाटे. ते आडनाव नव्हते. अप्पा गणिताचे मास्तर होते, परीक्षेचे पेपर काढायचे आणि त्यांचा पेपर झाला की वर्गावर्गांत भोपळ्यांचे भरघोस पीक येई.

वर एकट्याने बसवेना म्हणून अप्पा सकाळीच खाली येत आणि बाहेरच्या खोलीत कोपऱ्यातली खुर्ची धरून बसत. हाताची घडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. परीक्षेच्या हॉलवर देखरेख करावी तसे ते पेशंटांकडे पाहत. त्यांची नजर गेली की माणसे उगाचच सरळ बसत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी बकरी तीन वेळा शिखरावर जाताना पाहिली. तिसऱ्या वेळी समोरचे आजोबा चक्क डुलकी घेत होते.

“ही काय परीक्षा झाली?” अप्पा ताईंना म्हणाले. “हजेरी लावली की पास!”

दुपारी दवाखाना बंद असताना त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, पाठीचे दार शोधून काढले आणि चकती आठवर नेली. स्वतः मात्र एकदाही खेळले नाहीत. पेपर काढणारा माणूस परीक्षेला बसत नसतो.

संध्याकाळी माझ्यासमोर हाहाकार उडाला. बकऱ्या पटापट पडू लागल्या. एका शांत स्वभावाच्या ग्रंथपाल बाईंनी माझ्या पोटात लाथ घातली. लोक दातओठ खात खेळत आणि तसेच दातओठ खात आत जात. डॉक्टरीणबाई “आ करा” म्हणत, पण दातखीळ बसलेला जबडा उघडेल तेव्हा ना! शेवटी त्यांनी बाहेर डोकावून पडद्याकडे पाहिले, माझ्या मागे येऊन चकती एकवर आणली आणि आत गेल्या.

त्यानंतर माझ्या पाठीला उसंत म्हणून मिळाली नाही. सूनबाई एक करत, सासरे आठ करत. ती किर्रर्र करत असली की हे उठत, हे चहाला वर गेले की ती येई. दोघेही एकमेकांशी जेवणाखाणाचे नीट बोलत, पण चकतीबद्दल अवाक्षर नाही. माझ्या दाराची बिजागरी ढिली झाली. अखेर एक दिवस दोघांचे हात एकाच वेळी तिथे पोहोचले.

“अप्पा, तुम्ही याला हात का लावता?”

“तू लावतेस म्हणून.”

“माझ्याकडे माणसं आधीच घाबरून येतात. त्यांना बाहेरही घाबरवायचं?”

“घाबरवत नाही मी. मान देतो,” अप्पा म्हणाले. “अवघड पेपर काढणारा मास्तर मुलांना हुशार समजत असतो. सोपा काढणारा मनातून त्यांना ढ समजतो आणि वर गोड हसतो.”

“आणि पहिल्याच प्रश्नाला रडत उठून जातो, त्याचा मान?”

“तो पुढच्या वर्षी परत बसतो.”

“माझे पेशंट पुढच्या वर्षी परत बसत नाहीत, अप्पा. ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात.”

अप्पांनी चष्मा पुसला. मी दोघांच्या मध्ये होतो. खरे सांगायचे तर मला दोघांचेही पटत होते आणि तेच माझे दुखणे होते.

आता ड्रायव्हरसाहेबांची गोष्ट ऐका. हे गृहस्थ बस चालवत. दारातून आत येताना त्यांना किंचित तिरपे व्हावे लागे, इतके ते रुंद. मिशा अशा, की त्यांच्यावर कपडे वाळत घालावेत. घाटात ब्रेक नादुरुस्त झालेली बस त्यांनी सुखरूप खाली आणली होती, असे ताई कौतुकाने सांगत. पण दाताच्या खुर्चीचे नाव काढले की हा माणूस बाहेरचे दार शोधू लागे. त्यांची अक्कलदाढ किडली होती. ते आले, माझ्यासमोर बसले. त्या दिवशी मी एकवर होतो. बकरी आपली आपण वर गेली, त्यांनी गवत खाल्ले आणि मग काही करण्यासारखे उरलेच नाही. आतून किर्रर्र आले. “गाडी चुकीच्या जागी लावलीय वाटतं,” असे पुटपुटत ते जे गेले ते गेलेच.

काही दिवसांनी ते पुन्हा आले. गाल जरा सुजला होता. तेव्हा मी आठवर होतो. पहिली बकरी गेली, दुसरी गेली, आणि मग शेजारच्या बाकावरची, दातांना तार लावलेली कॉलेजकन्या खुदकन हसली. ड्रायव्हरसाहेबांचे कान लाल झाले. “एवढी मोठी बस चालवतो मी,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “बकरीच्या नादाला कोण लागतंय!” आणि पुन्हा पसार झाले.

डॉक्टरीणबाईंना हे समजले तेव्हा त्या हातमोजे घालूनच बाहेर आल्या. मी त्यांना इतके चिडलेले कधी पाहिले नव्हते.

“अप्पा, त्या माणसाचा गाल सुजलाय, म्हणजे दाढेत पू झालाय. तो पसरला तर जिवावर बेतेल. तुमच्या आठमुळे तो पळाला.”

“पहिल्यांदा तुझ्या एकमुळे पळाला,” अप्पा म्हणाले.

दोघेही खरे बोलत होते. मग डॉक्टरीणबाईंनी ताईंना सांगितले, “रविवारी भंगारवाल्याला बोलवा. हे धूड नकोच इथं.”

मित्रांनो, धूड म्हणजे मी.

त्या दुपारी दवाखाना बंद झाल्यावर अप्पा वर गेले नाहीत. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत बसले. मग उठले, पुढे आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझी दांडी धरली. चकती आठवरच होती. त्यांनी चष्मा नीट बसवला आणि बकरी गेली.

“अरे! तयार तरी होऊ दे,” ते मला म्हणाले.

दुसरी गेली. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून त्यांनी खिडकीचा पडदा ओढला. तिसरी गेली. खुर्ची उंच आहे म्हणून बदलली. चौथी गेली. दांडी ढिली आहे, बटण चिकटते, बकरीच मंद आहे, अशी सगळी कारणे संपल्यावर त्यांनी हळूच मागे हात घालून चकती पाचवर आणली. मग तीनवर. मग इकडेतिकडे पाहून एकवर. आणि मित्रांनो, एकवरही बकरी पडली! माझ्या उभ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होते. झोपलेले आजोबा जिथे पोहोचले होते, तिथे भोपळेमास्तर पोहोचेनात. कारण अगदी साधे होते. ते बकरीला आपली आपण चढू देत नव्हते, दगडाचा कोन मोजत तिला दांडीने अडवून धरत होते आणि ती नेमकी दगडाखाली सापडत होती.

पण ते उठले नाहीत. पडली बकरी की नवी बकरी. हळूहळू कोन मोजणे थांबले. एकदा तर बोट आपोआप पडले आणि बकरीने दगडावरून टुणकन उडी मारली. अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. बकरी पहिल्या टप्प्याच्या कडेला पोहोचली, घसरली, सावरली आणि वर चढली.

“गेली! गेली वर! बघितलंस?” अप्पा मोठ्याने ओरडले. खोलीत कुणीच नव्हते, पण जिन्यावर डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. आरडाओरडा ऐकून त्या धावत खाली आल्या होत्या.

“कितव्यावर आहे अप्पा?” त्यांनी विचारले.

“एकवर,” अप्पा म्हणाले.

त्या हसल्या नाहीत, हे मला फार आवडले. त्यांनी एक स्टूल ओढले आणि शेजारी बसल्या.

“तुझी सासू असती तर महिनाभर हसली असती,” अप्पा म्हणाले. मग दांडी सोडून म्हणाले, “पण खरं सांगू, एक माझ्यासाठी बरोबर आहे. सोपा नाही आणि अवघडही नाही. आणि त्या आजोबांना तोच एक झोप आणतो. मग खरा आकडा कुठला गं? तू आत कसं ठरवतेस, कुणाला किती सोसेल ते?”

“मी नाही ठरवत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मी सांगते, दुखलं की हात वर करा. हात त्यांचा. मी थांबते.”

अप्पा एकदम सरळ बसले. “मग ही चकती पाठीला कशाला? हिला पुढे आण!”

लगेच वायरमनला बोलावणे गेले. त्याने माझे पोट उघडले, तारा लांबवल्या आणि चकती पुढे, लाल बटणाच्या शेजारी आणून बसवली. भंगारवाला रविवारी आला तेव्हा त्याला एक मोडका पंखा देऊन वाटेला लावले. सासरे आणि सून दोघेही खूश होते. ज्याचा त्याने आकडा लावावा आणि खेळावे, आता भांडण उरलेच नाही!

पण मित्रांनो, माणसे फार विचित्र असतात. सोमवारी पहिल्या पेशंटने चकती हातात घेतली, मागे बसलेल्यांकडे पाहिले आणि थेट आठ लावला. दुसऱ्याने पाहिले की आधीच्याने आठ लावला होता. मग तो काय कमी होता? ग्रंथपाल बाईंनी बोट तीनपर्यंत नेले, कुणीतरी खाकरले, त्यांनी झटकन आठ केले आणि पुन्हा मला लाथ घातली. सगळा दिवस आठ, आठ आणि आठ. बकऱ्यांचा नुसता खच!

“आकड्यांनी माणसं बिथरतात,” अप्पा म्हणाले. त्यांनी आकड्यांवर कागद चिकटवून सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘सोपे’, ‘मध्यम’, ‘कठीण’. ‘सोपे’ला कुणी शिवेना. मग त्यांनी ‘सोपे’ खोडून ‘नवशिक्यांसाठी’ लिहिले. तेव्हा तर लोक त्या बाजूला बघेनासेच झाले. एक आजी म्हणाल्या, “नवशिकी? माझे पाच दात उपटून झालेत इथं!”

“मुलं उत्तर चुकतं म्हणून नाही रडत,” अप्पा हताश होऊन म्हणाले, “शेजारचा बघतो म्हणून रडतात.”

हे ऐकून डॉक्टरीणबाई आत गेल्या आणि पेशंटच्या गळ्यात बांधतात तसला एक निळा रुमाल घेऊन आल्या. त्यांनी तो माझ्या चकतीवर असा अडकवला की हात आत जाईल, पण बाहेरच्याला काही दिसणार नाही. अप्पांचे कागद त्यांनी काढून टाकले आणि रुमालाखाली आकडे जसेच्या तसे ठेवले.

झाले! त्या दिवसापासून लोक बसतात, रुमालाखाली हात घालतात, चेहरा असा करतात जणू आठच लावला आहे, आणि खेळतात. कुणी दोन लावतो, कुणी पाच. मला सगळे कळते. चकती माझीच आहे ना! पण मी कुणाचा आकडा कुणाला सांगितलेला नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. खोली बदलली. आता तिथे “अगं बाई!”, “अरे उडी!” असे आवाज येतात आणि आतले किर्रर्र कुणाच्या खिजगणतीत नसते.

एका सकाळी दार उघडले आणि ड्रायव्हरसाहेब तिरपे होऊन आत आले. मफलरने जबडा बांधलेला, गालाचा फुगा झालेला, डोळ्यांत दोन रात्रींचे जागरण. ते दाराजवळच्याच खुर्चीवर बसले, म्हणजे पळायला बरे. ताईंनी नुसती माझ्याकडे मान केली. ड्रायव्हरसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. अप्पा मुद्दाम खिडकीबाहेर पाहू लागले. बऱ्याच वेळाने ड्रायव्हरसाहेब उठले, माझ्यासमोर बसले आणि त्यांचा भलामोठा पंजा रुमालाखाली गेला. चकती फिरली, थांबली, जराशी मागे आली.

पहिली बकरी पडली. त्यांनी मागे वळून पाहिले. कुणी हसले नाही, कारण कुणाला माहीतच नव्हते की हा माणूस कुठल्या डोंगरावर आहे. दुसरी बकरी तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेली. तिसरी बकरी मात्र काय चढली म्हणता! कपारी मागे पडल्या, दगड मागे पडले, ड्रायव्हरसाहेब वळणावर बस वळवावी तसे अंगाने वाकत होते. पाचवा टप्पा आला, कोल्हा सुटला आणि नेमके तेव्हाच ताईंनी पुकारले, “ड्रायव्हरसाहेब, तुमचा नंबर.”

“थांबा ओ! कोल्हा आलाय!”

“तुमचाच नंबर आहे, साहेब.”

“दिसत नाही का? मागे आहे तो!”

डॉक्टरीणबाई दारात आल्या. माझ्यात खेळ थांबवायची सोय नाही. माझ्या काळी ती पद्धतच नव्हती. आता उठले तर बकरी जाणार, आणि बकरी गेली तर हा माणूस पुन्हा दार गाठणार, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी अप्पांकडे पाहिले.

अप्पा उठले. त्यांचा रंग उडाला होता. “तुम्ही आत जा,” ते म्हणाले. “बकरीला मी सांभाळतो.”

“जमेल ना मास्तर? नक्की?”

“मी गणिताचा मास्तर आहे,” अप्पा म्हणाले. याचा खेळाशी काय संबंध हे त्यांनाही ठाऊक नव्हते, पण ड्रायव्हरसाहेबांना ते पटले. एकाच्या हातातली दांडी दुसऱ्याच्या हातात गेली आणि ड्रायव्हरसाहेब माझ्याकडे पाहत पाहत, उलट्या पावलांनी, खुर्चीपर्यंत गेले.

मित्रांनो, अप्पांनी ती बकरी तीन श्वास सांभाळली. मग कोल्ह्याने तिला धरले.

आतून आवाज आला, “आहे का?”

अप्पांनी पडद्याकडे पाहिले. पुन्हा दरवाजाकडे पाहिले. ज्यांनी कधी कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नव्हता, ते अप्पा खणखणीत आवाजात म्हणाले, “आहे!”

आणि त्यांनी रुमालाखाली हात घातला, चकती फिरवली आणि नवी बकरी सोडली. खोलीतले सगळे पेशंट पाहत होते. कुणी चुगली केली नाही. तार लावलेली कॉलेजकन्या तर अप्पांच्या मागे जाऊन उभी राहिली, म्हणजे आतून पडदा दिसू नये.

“सुई टोचतेय,” आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज. “दुखलं तर हात वर करा.”

“आ... आहे का?”

“आहे हो! चढतेय!” अप्पांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पहिला टप्पा. दगड. उडी. दुसरा दगड. बाकावरच्या आजी पुटपुटल्या, “चढ गं बाई, चढ.” सगळी खोली पडद्याकडे वाकली होती आणि आत बधिर झालेल्या तोंडातून दर थोड्या वेळाने “आए ता?” असे काहीतरी येत होते आणि सगळे मिळून ओरडत होते, “आहे!”

मग आत एक बारीकसा खट्ट आवाज झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “झालं.”

ड्रायव्हरसाहेब गालात कापसाचा बोळा धरून बाहेर आले ते थेट माझ्याकडे. कॉलेजकन्या नाइलाजाने बाजूला झाली. बकरी दुसऱ्या टप्प्यावर होती. तिथे एक निळा ओढा आहे. ती त्याच्या काठावर उभी होती. ज्या माणसाने तिला पाचव्या टप्प्यावर सोडले होते, त्याने पडद्याकडे पाहिले आणि मग अप्पांकडे पाहिले.

अप्पांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“पाणी प्यायला खाली आलीय,” ते म्हणाले.

मग ड्रायव्हरसाहेबांच्या मिशा थरथरल्या. त्यांचे अर्धे तोंड बधिर होते, त्यामुळे ते अर्ध्याच तोंडाने हसले, पण इतके हसले की बोळा बाहेर पडला आणि डॉक्टरीणबाईंना दुसरा आणावा लागला. त्यांनी स्टूल ओढले, अप्पांच्या शेजारी बसले आणि दांडी परत मागितली नाही. “डावीकडून घ्या, माहतर,” ते बधिर जिभेने म्हणाले. “डावीकडे लहता आहे.”

ते अजून येतात. दात दुखत नसतानाही ड्यूटी संपवून येतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, आलाच आहात तर तोंड उघडा, आणि ते उघडतात. नंतर दोघे मिळून डोंगर चढत बसतात. अप्पांना आता कुणी भोपळेमास्तर म्हटले की ते ओ देतात.

मित्रांनो, माझे आता वय झाले. माझा पडदा कडेने पिवळा पडला आहे आणि उडीचे बटण कधी कधी खरेच चिकटते. माझ्यासारखे एखादे जुने यंत्र तुम्हाला अडगळीत दिसले, तर त्याला पुसा आणि एकदा वायर लावून बघा. पोटात कुणीतरी अजून डोंगर चढायला तयार उभे असेल. आणि तुमच्यासमोर कुणी खेळत असेल, तो नवा असो, म्हातारा असो, त्याची बकरी पुन्हा पुन्हा पडत असो, तर मागे उभे राहून “उडी मार, उडी मार” असे ओरडू नका.

दगड त्यालाही दिसतो आहे.